मुलांचा आरोग्य विमा फोनवरून: अर्ज अडतो कुठे आणि का

"अहो, आम्ही फोन केला होता की!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की माझा पुढचा प्रश्न आता आपोआप बाहेर पडतो: "सही झाली होती का?" समोर शांतता. मग कळतं, की चाळीस मिनिटं बोलणं झालं, सगळी माहिती दिली, शेवटी पलीकडची बाई काहीतरी लांबलचक वाचायला लागली आणि यांनी "थँक यू, थँक यू" म्हणून फोन ठेवला. दोन महिने झाले, कार्ड नाही. कसं येणार? अर्जच दाखल झालेला नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी आणि त्यांच्या शेजारी बसून फोन लावून देणाऱ्या मित्रमंडळींसाठी हा लेख आहे. विषय एकच: १९ वर्षांखालच्या मुलांसाठी मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या घरांसाठी) किंवा चिप (त्याहून थोडं जास्त उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी) या सरकारी विम्याचा अर्ज फोनवरून कसा पूर्ण करायचा. ऑनलाइन करता येत असेल तर जरूर करा. पण ज्यांना इंग्रजी फॉर्म जड जातो, ज्यांचं उत्पन्न दर महिन्याला बदलतं किंवा ज्यांची कागदपत्रं सरळ नाहीत, त्यांना फोनचा रस्ता सोपा पडतो. अर्ज ऑनलाइन, टपालाने, समक्ष आणि फोनवरून असा चारही मार्गांनी घेणं राज्यांवर बंधनकारक आहे. त्यामुळे "फोनवर होत नाही, वेबसाइटवर जा" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे पुन्हा विचारा.

टप्पा १: अर्ज कोणासाठी, ते आधी ठरवा

बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो. आई किंवा वडील फोन करतात म्हणून समोरचा धरून चालतो की विमा संपूर्ण कुटुंबाला हवाय. मग आईवडिलांच्या व्हिसाचे प्रश्न येतात, घरचे घाबरतात आणि फोन ठेवून देतात.

अमेरिकेत जन्मलेलं मूल नागरिक आहे. आईवडील कोणत्याही व्हिसावर असोत, किंवा व्हिसा संपलेला असो, त्या मुलाचा हक्क त्यावर अवलंबून नाही. जी व्यक्ती स्वतःसाठी विमा मागत नाही, तिने आपला इमिग्रेशनचा दर्जा सांगण्याची गरज नसते आणि सोशल सिक्युरिटी नंबर देण्याची सक्तीही नसते. पालकांनी हे एक वाक्य पाठ करून ठेवावं: "आय ॲम अप्लाइंग ओन्ली फॉर माय चाइल्ड, नॉट फॉर मायसेल्फ." फोन लागल्यावर पहिल्या दोन मिनिटांत ते म्हणायचं.

भारतात जन्मलेल्या मुलाचं गणित वेगळं आहे. ग्रीनकार्ड मिळाल्यावर पाच वर्षं थांबण्याचा केंद्राचा नियम आहे. पण कायदेशीर वास्तव्य असलेल्या मुलांसाठी ही अट काढून टाकायची मुभा राज्यांना आहे आणि अनेक राज्यांनी ती घेतली आहे. अशा राज्यांत एच-४ वर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलाचाही अर्ज विचारात घेतला जाऊ शकतो. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉय अशा काही राज्यांनी तर स्वतःच्या पैशातून आणखी पुढे जाऊन मुलांना इमिग्रेशनचा दर्जा न बघता विमा दिला आहे. हे नियम बदलत राहतात. म्हणून "आमच्या मुलाला मिळणार नाही" हा निकाल घरीच देऊन टाकू नका आणि व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवरून तर मुळीच नको.

> सावधान: मुलाच्या विम्याचा आपल्या ग्रीनकार्डवर परिणाम होईल का, हा प्रश्न हेल्पलाइनवरच्या माणसाला विचारू नका. त्याचं उत्तर देणं हे त्याचं काम नाही. मनात शंका असेल तर फोन करण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी किंवा मोफत कायदा मदत केंद्राशी बोला.

टप्पा २: घरात माणसं किती?

आपल्याकडे "घरात किती जण?" विचारलं की माणूस चुली मोजतो. इथे टॅक्स मोजायचा असतो. मुलाच्या अर्जात कुटुंब म्हणजे साधारणपणे टॅक्स रिटर्न भरणारी व्यक्ती, तिचा जोडीदार आणि रिटर्नवर दाखवलेले सगळे डिपेंडंट, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेली माणसं. अर्ज ज्याच्यासाठी नाही, तोसुद्धा या मोजणीत येतो. म्हणजे आईला विमा नको असला तरी ती कुटुंबात धरायची.

आजी-आजोबा इथे हमखास घोटाळा करतात. त्यांची चूक नाही बिचाऱ्यांची.

व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा रिटर्नवर डिपेंडंट नाहीत, त्यांना मोजू नका. भारतात राहणारे आईवडील, ज्यांना तुम्ही दरमहा पैसे पाठवता, तेही नाहीत. भारतात राहणाऱ्या आईवडिलांना अमेरिकन रिटर्नवर डिपेंडंट दाखवताच येत नाही. ते अमेरिकन नागरिक असते तर गोष्ट वेगळी. पाठवलेली रक्कम उत्पन्नातून वजाही होत नाही. ग्रीनकार्ड असलेली आई तुमच्याकडेच राहते आणि तुम्ही तिला रिटर्नवर डिपेंडंट दाखवता, तर मात्र ती मोजायची. बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारा भाचा नाही.

आई गरोदर असेल तर ते न विचारता सांगा. तिच्या स्वतःच्या पात्रतेसाठी पोटातलं बाळ मोजलं जातं आणि काही राज्यांत घरातल्या इतर मुलांच्या अर्जातही. आईवडील विभक्त असतील, मूल एकाकडे राहत असेल आणि रिटर्नवर दुसऱ्याकडे असेल, तर परिस्थिती जशी आहे तशी सांगा. त्यासाठी वेगळे नियम आहेत, ते लावायचं काम त्यांचं.

टप्पा ३: महिन्याचं उत्पन्न काढा, वर्षाचं नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या डोळ्यांसमोरचे निम्म्याहून अधिक चुकीचे नकार याच टप्प्यावर तयार झाले.

पहिली गोष्ट, मेडिकेड आणि चिपसाठी सध्याचं मासिक उत्पन्न बघतात. मागच्या वर्षीच्या रिटर्नवर ९५,००० डॉलर दिसत असतील, पण मार्चमध्ये नोकरी गेली आणि आता गोदामात तासावर काम चालू आहे, तर आजचा महिना सांगायचा. लेऑफ झालेल्या घरांत नेमकं उलटं होतं. वडील जुना डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा कंपनीने दिलेला फॉर्म) काढून बसतात, तोच आकडा सांगतात आणि मुलाचा अर्ज उगाच फेटाळला जातो.

दुसरी गोष्ट, पगार कधी मिळतो त्यावर गुणाकार ठरतो. दर आठवड्याला पगार असेल तर चाराने गुणायचं नाही. महिन्यात चार आठवडे आणि वर दोन-तीन दिवस असतात. आठवड्याचा पगार ५२ ने गुणून १२ ने भागा. दर दोन आठवड्यांनी मिळत असेल तर २६ ने गुणून १२ ने भागा. महिन्यातून ठरलेल्या दोन तारखांना मिळत असेल तर सरळ दुप्पट.

उदाहरण घेऊ. दर दोन आठवड्यांना १,९०० डॉलर. घरचे सांगतात ३,८००. खरा आकडा १,९०० गुणिले २६, भागिले १२, म्हणजे सुमारे ४,११७ डॉलर. तीनशेचा फरक पडला. पुढे पे स्टब, म्हणजे पगाराची पावती, पाठवल्यावर तो उघडा पडतो आणि फाइल "माहिती जुळत नाही" या ढिगात जाऊन बसते.

तिसरी गोष्ट आपल्या बाजूची आहे आणि तीच लोक विसरतात. पगारातून टॅक्सच्या आधी कापले जाणारे पैसे, म्हणजे कंपनीच्या आरोग्य विम्याचा हप्ता, ४०१-के या निवृत्ती खात्यातली नेहमीची (टॅक्सआधीची) रक्कम, पाळणाघराच्या खर्चासाठी बाजूला काढलेले एफएसएचे पैसे, हे उत्पन्नात धरत नाहीत. वरच्या उदाहरणात दर पगारातून १५० डॉलर असे कापले जात असतील, तर १,७५० ने हिशोब करायचा आणि महिन्याचं उत्पन्न सुमारे ३,७९२ येतं. पण "हातात किती येतात" तो आकडाही सांगू नका, कारण टॅक्स कापून झाल्यावरची रक्कम इथे चालत नाही. पे स्टबवरचा ग्रॉस, म्हणजे काहीही कापण्याआधीचा पगार, घ्या, त्यातून फक्त टॅक्सआधीची कपात वजा करा.

मग इतर पैसे. बेकारभत्ता मोजला जातो. नोकरी सुटताना एकरकमी मिळालेला सेव्हरन्स ज्या महिन्यात मिळाला त्याच महिन्यात मोजतात, पुढच्या महिन्यांत तो ओढायचा नाही. मुलासाठी मिळणारी पोटगी, म्हणजे चाइल्ड सपोर्ट, मोजत नाहीत. भारतातून सासऱ्यांनी मदत म्हणून पाठवलेले पैसे ही भेट आहे, उत्पन्न नाही. मात्र पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि बँकेतल्या एफडीचं व्याज हे उत्पन्न आहे. अमेरिकेत टॅक्ससाठी रहिवासी असलेल्याला जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि तेच इथेही लागू. "तिकडचं इथे कोण बघतंय" हे ऐकलं की मी लगेच विषय थांबवते. हा अर्ज शपथेवर असतो.

स्वतःचा व्यवसाय, उबर, डबे, शिकवण्या असं काही असेल तर खर्च वजा जाता उरलेला नफा सांगायचा. गेल्या तीन महिन्यांची साधी वही असली तरी चालवून घेतात, पण वही हवी.

> तपासा: एका कागदावर एकच आकडा लिहा, "या महिन्याचं एकूण उत्पन्न", आणि खाली तो कसा काढला ते. फोनवर हाच कागद वाचायचा. तीन वेळा विचारलं तरी तिन्ही वेळा हाच आकडा.

मर्यादा किती, हे सगळे विचारतात. ती राज्याराज्यांत फार वेगळी आहे. केंद्राची दारिद्र्यरेषा २०२५ मध्ये चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ३२,१५० डॉलर होती आणि ती दरवर्षी जानेवारीत बदलते. टेक्साससारख्या राज्यात मुलांच्या चिपची मर्यादा याच्या साधारण दुप्पट आहे. न्यू जर्सीत ती ३५५ टक्के, म्हणजे २०२५ च्या हिशोबाने चौघांच्या घराला महिन्याला साडेनऊ हजार डॉलरच्या आसपास. "आम्ही काही गरीब नाही" म्हणत मागे सरणाऱ्या कितीतरी घरांतली मुलं यात बसतात.

टप्पा ४: टेबलावर काय काय हवं

फोन लावल्यावर कपाट उघडायचं नाही. हे सगळं आधी काढून ठेवा:

- मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट. असेल तर सोशल सिक्युरिटी कार्ड. भारतात जन्मलेल्या मुलासाठी ग्रीनकार्ड किंवा व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद)
- गेल्या ३० दिवसांचे पे स्टब
- शेवटचं टॅक्स रिटर्न (उत्पन्नासाठी नाही, कोण कोणाचा डिपेंडंट आहे ते बघायला)
- राहत्या पत्त्याचा पुरावा: लीज किंवा विजेचं बिल
- मुलाला सध्या कोणता विमा असेल तर त्याचं कार्ड. संपला असेल तर संपल्याची तारीख
- गेल्या तीन महिन्यांतली न भरलेली डॉक्टरांची बिलं
- वही आणि दोन पेनं. एक पेन नेमकं तेव्हाच बंद पडतं.

नवजात बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबर अजून आला नाही म्हणून थांबून राहू नका. "नंबरसाठी अर्ज केला आहे" एवढं सांगितलं की पुढे जाता येतं. एच-४ वरच्या मुलाला हा नंबर मिळतच नाही. तसं स्पष्ट सांगा आणि त्या जागी आयटीआयएन, म्हणजे फक्त टॅक्स भरण्यासाठी मिळालेला नंबर, सांगू नका. नऊ आकडे दिसले की लोक ठोकून देतात, मग संगणकात ते नाव भलत्याच नोंदीशी ताडून बघितलं जातं.

नावांची खास काळजी घ्या. जन्मदाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, सोशल सिक्युरिटी कार्डवर मधलं नावच नाही, डॉक्टरकडे आडनाव आधी, असं आपल्याकडे सर्रास असतं. सोशल सिक्युरिटी कार्डवर जसं आहे तसंच अर्जात द्या. फोनवर अक्षरं एकेक करून सांगा. आपला "व्ही" आणि "डब्ल्यू" त्यांच्या कानाला सारखाच लागतो; "व्ही ॲज इन व्हिक्टर", "डब्ल्यू ॲज इन विल्यम" असं म्हणा. वाघ, वैद्य, विचारे मंडळींनी तर नक्कीच. जन्मतारीख सांगताना महिन्याचं नाव घ्या. ५/७ म्हटलं की आपल्या मनात ५ जुलै असतो आणि त्यांच्या संगणकात ७ मे जाते. एका बाळाचा अर्ज यामुळे सात आठवडे अडकलेला मी पाहिला आहे.

टप्पा ५: योग्य नंबर लावा

देशभरासाठी मुलांच्या विम्याची हेल्पलाइन आहे १-८७७-५४३-७६६९. किपॅडवरच्या अक्षरांत वाचला तर शेवटी "किड्स नाऊ" असं येतं. इथून तुमच्या राज्याच्या कार्यालयाकडे जायचं असतं, म्हणून पहिल्याच वाक्यात राज्याचं नाव सांगा. मोबाइल नंबर ओहायोत घेतलेला आणि राहणं व्हर्जिनियात, अशी आपल्यातली अर्धी मंडळी आहेत.

दुसरा नंबर केंद्राच्या मार्केटप्लेसचा, म्हणजे आरोग्य विमा विकत घेण्याच्या सरकारी केंद्राचा: १-८००-३१८-२५९६. तिथे संपूर्ण कुटुंबाचा अर्ज होतो आणि मुलं मेडिकेड किंवा चिपमध्ये बसत असतील तर फाइल राज्याकडे पाठवली जाते. पालकांनाही विमा हवा असेल तर हा रस्ता बरा. फक्त मुलांसाठी असेल तर सरळ राज्याकडे गेलेलं चांगलं, मधला एक हात कमी होतो.

योजनेचं नाव प्रत्येक राज्यात वेगळं असतं आणि लोक त्यामुळे बिचकतात. कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर, न्यूयॉर्कमध्ये चाइल्ड हेल्थ प्लस, इलिनॉयमध्ये ऑल किड्स, जॉर्जियात पीचकेअर फॉर किड्स, वॉशिंग्टनमध्ये ॲपल हेल्थ. टेक्सासात २-१-१ वर फोन करता येतो.

> सावधान: दोन्हीकडे अर्ज करू नका. "एक नाही तर दुसरा लागेल" म्हणून दोन नंबरांवर दोन अर्ज केले की दोन केस नंबर तयार होतात आणि दोन्ही एकमेकांना अडवत बसतात.

> सावधान: हा अर्ज फुकट आहे. अर्जासाठी फी, क्रेडिट कार्ड किंवा गिफ्ट कार्ड मागणारा माणूस सरकारी हेल्पलाइनचा नाही. इंटरनेटवर शोधून पहिला दिसणारा नंबर लावू नका, पहिल्या ओळी बहुतेक वेळा जाहिरातींच्या असतात.

या योजनांना नावनोंदणीचा ठरावीक हंगाम नसतो, वर्षभर कधीही अर्ज करता येतो. नोव्हेंबरची वाट बघू नका. दिवस निवडायचाच असेल तर सोमवार आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस टाळा.

टप्पा ६: दुभाषा मागून घ्या

मोफत दुभाषा मिळणं हा हक्क आहे. फोन लागताच म्हणा: "मराठी इंटरप्रिटर, प्लीज." नुसतं "इंडियन लँग्वेज" म्हणालात तर हिंदी येईल. मराठी दुभाषा लगेच मिळत नसेल तर थांबायला सांगतील किंवा परत फोन करतो म्हणतील. घाई नसेल तर थांबा. "चालेल, हिंदी पण चालेल" असं आपण पटकन म्हणून जातो, पण ज्या आजीला किंवा आईला टॅक्स, कपात, पालकत्व हे विषय हिंदीत नीट बोलता येत नाहीत, तिची अडचण होते.

बारा वर्षांच्या मुलीला फोनवर बसवू नका. तिचं इंग्रजी कितीही फर्डं असलं तरी. एकतर आणीबाणी सोडून अल्पवयीन मुलांना दुभाषा म्हणून वापरायला नियमांत मनाई आहे, आणि दुसरं म्हणजे बाबांची नोकरी गेली, पगार किती, कर्ज किती, हे तिने अनोळखी माणसाला का सांगावं?

तुम्ही मदतनीस असाल तर तुमची जागा शेजारच्या खुर्चीत. पालकाने आधी स्वतः बोलून ओळख द्यायची आणि "माझ्यासोबत अमुक आहेत, त्यांच्याशी बोलायला माझी परवानगी आहे" असं तोंडी सांगायचं. त्यानंतरच तुम्ही बोला. पालक कामावर आहेत आणि तुम्ही त्यांचं नाव सांगून फोन करताय, असं कधीही नको. तुमचा हेतू कितीही चांगला असो, त्याला तोतयेगिरीच म्हणतात.

टप्पा ७: प्रश्नोत्तरं

स्पीकर चालू, चार्जर जोडलेला, टीव्ही बंद. फोन उचलणाऱ्याचं नाव किंवा आयडी, तारीख आणि वेळ वहीत लिहा. फोन तुटला तर परत कोणत्या नंबरवर करणार, ते आधीच विचारून ठेवा.

उत्तरं छोटी द्या. आपल्याला प्रत्येक उत्तरामागची कथा सांगायची सवय असते: "तसं मूळ सांगायचं तर, माझे दीर…" दुभाष्याला ते सगळं भाषांतरित करावं लागतं आणि पलीकडचा नोंदीत भलतंच काहीतरी लिहितो. विचारलं तेवढं सांगा, माहीत नसेल तर "आठवत नाही, कागद बघून सांगते" म्हणा. अंदाज करू नका.

तीन ठिकाणी मात्र तुम्हीच तोंड उघडायचं, विचारायची वाट बघायची नाही. टॅक्सआधीची कपात आहे, हे सांगा. गेल्या तीन महिन्यांतली बिलं आहेत, तर त्यासाठी मागच्या तारखेपासूनचा विमा मिळेल का, ते विचारा. मेडिकेडमध्ये तो मिळू शकतो, पण मागितल्याशिवाय बहुतेक वेळा विषयच निघत नाही. आणि मुलाला सध्या दुसरा विमा असेल तर तो लपवू नका. चिप ही विमा नसलेल्या मुलांसाठी आहे, मेडिकेड मात्र दुसऱ्या विम्याच्या जोडीला मिळू शकतं.

टपालाचा पत्ता नीट तपासा. अपार्टमेंट नंबर राहिला की पुढची सगळी पत्रं हवेत.

टप्पा ८: सही होईपर्यंत फोन ठेवू नका

प्रश्न संपले की पलीकडची व्यक्ती हक्क आणि जबाबदाऱ्या वाचून दाखवते. हे कंटाळवाणं असतं, दुभाष्यासह दहा मिनिटंही लागतात आणि नेमकं याच वेळी लोकांना वाटतं की काम संपलं. काम आत्ता होतंय. त्यानंतर "दिलेली माहिती खरी आहे आणि मी सही करत आहे" अशा अर्थाचं तुमच्या तोंडून वदवून घेतात आणि ते रेकॉर्ड होतं. हीच फोनवरची सही. ती कागदावरच्या सहीइतकीच पक्की असते.

काही वेळा पलीकडचा म्हणतो, "फॉर्म टपालाने पाठवतो, सही करून परत पाठवा." तेव्हा विचारा: "कॅन आय साइन बाय फोन?" फोनवरची सही स्वीकारणं राज्यांवर बंधनकारक आहे.

> तपासा, फोन ठेवण्याआधी हे चार प्रश्न:
> १. अर्ज आज दाखल झाला का? (तारीख लिहा)
> २. केस नंबर किंवा अर्जाचा नंबर काय?
> ३. कोणते कागद पाठवायचे, कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत?
> ४. पत्रं कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या भाषेत येणार?

चारही प्रश्नांची उत्तरं वहीत आली नसतील तर फोन ठेवायचा नाही. तारखेला महत्त्व आहे, कारण पुढचे सगळे दिवस तिथून मोजतात.

टप्पा ९: पत्रपेटी उघडा

निर्णय ४५ दिवसांत यायला हवा. तोपर्यंत दर दिवसाआड पत्रपेटी बघा. ही पत्रं दिसायला अगदी जाहिरातीसारखी असतात, पांढरं पाकीट आणि खिडकीतून दिसणारं नाव, त्यामुळे पिझ्झाच्या कुपनांबरोबर कचऱ्यात जातात. राज्याच्या खात्याचं नाव कसं लिहिलेलं असतं ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, आजोबांनाही. रोज पत्रं तेच आणतात.

अतिरिक्त कागद मागितले असतील तर मूळ प्रती कधीही पाठवू नका. झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर वर केस नंबर आणि मुलाचं नाव लिहा. फॅक्स किंवा अपलोड केल्याची पावती जपा. पाठवल्यावर आठवड्याने फोन करून "पोचले का, फाइलला लागले का" हे विचारा. "पोचले" आणि "फाइलला लागले" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पदरचे तीन महिने घालवून शिकले.

नागरिकत्व किंवा इमिग्रेशनचा दर्जा संगणकावर पडताळता आला नाही, तर कागद द्यायला ९० दिवसांची मुदत मिळते आणि बाकी सगळं जुळत असेल तर त्या काळात मुलाला विमा द्यावा लागतो. "पेपर आले की सुरू करू" असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

मधल्या काळात मूल आजारी पडलं तर उपचार थांबवू नका. दवाखान्यात "मेडिकेडचा अर्ज दाखल आहे" असं सांगा, अर्जाची तारीख द्या, बिलं जपून ठेवा. उत्पन्नाप्रमाणे फी घेणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स बहुतेक भागांत आहेत.

टप्पा १०: मंजुरी किंवा नकार आल्यावर

मंजूर झालं की बऱ्याच राज्यांत विमा कंपनीची योजना निवडायला सांगतात. मुदतीत निवडली नाही तर तेच कुठली तरी लावून देतात आणि मग तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ त्या यादीत नसतात. आधी दवाखान्यात फोन करून ते कोणत्या योजना घेतात ते विचारा, मग निवडा. चिपमध्ये थोडा हप्ता असू शकतो, पण हप्ता आणि इतर वाटा मिळून कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. मुलगा मार्केटप्लेसच्या अनुदानित योजनेत असेल तर आता त्याला तिथून काढा, नाहीतर टॅक्सच्या वेळी ते अनुदान परत मागतील. मात्र मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी जुना विमा बंद करू नका.

नकार आला तर आधी कारण वाचा. "उत्पन्न जास्त" असेल तर त्यांनी धरलेला आकडा तुमच्या कागदाशी ताडून बघा. बऱ्याचदा टॅक्सआधीची कपात धरलेली नसते किंवा सेव्हरन्स दर महिन्याचा समजलेला असतो. "माहिती दिली नाही" असेल तर पावती काढा. अपिलाची शेवटची तारीख त्याच पत्रावर असते. ती गाठायची असेल तर आधी अपील नोंदवा, भांडण नंतर. नवा अर्ज करा असं सुचवतील. तो करता येतो, पण त्याने जुनी तारीख जाते आणि मधल्या महिन्यांची बिलं तुमच्या गळ्यात पडतात.

१ जानेवारी २०२४ पासून मुलांचा मेडिकेड आणि चिप विमा एकदा मिळाला की सलग १२ महिने चालू राहतो. मध्येच पगार वाढला म्हणून तो काढत नाहीत. १९ वर्षं पूर्ण होणं किंवा राज्य सोडणं ही वेगळी गोष्ट. आणि राज्य बदलणं आपल्यात नवं नाही: प्रोजेक्ट संपला की डॅलसहून शार्लट. विमा तुमच्याबरोबर येत नाही. सामान बांधताना जुन्या राज्याला फोन करून बंद करा आणि नव्या पत्त्यावर पोचल्याच्या आठवड्यात टप्पा एकपासून पुन्हा सुरुवात.

बारा महिने संपण्याआधी नूतनीकरणाचं पाकीट येऊ शकतं. फॉर्म परत करायला किमान ३० दिवस मिळतात. हुकला आणि विमा बंद झाला, तरी ९० दिवसांच्या आत तोच फॉर्म भरून दिला तर नव्याने अर्ज न करता पुन्हा विचार करावा लागतो. मंजुरीचं पत्र आलं त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये दहाव्या महिन्याची आठवण लावा, आणि केस नंबर त्या आठवणीतच लिहून ठेवा.